तालुका नियमात यावा म्हणून

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, मोठा नियम करण्याआधी सल्लामसलतीचा एक कागद काढतं. त्यात विषयाची पार्श्वभूमी असते आणि शेवटी अनुक्रमांक घातलेले प्रश्न असतात. त्या प्रश्नांना मोबाइल कंपन्या उत्तरं देतात, ग्राहक संघटना देतात, आणि नाव-पत्ता लिहिलेलं एखाद्या साध्या माणसाचं पत्रही त्याच यादीत लागतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. आधी नेटवर्क बंद पडण्याच्या नियमांसाठी आणि नंतर फोन नंबरांच्या आराखड्यासाठी मी या प्रक्रियेत उतरले. त्यातून काय हाती लागलं, काय राहिलं आणि गावात बसून हे कसं करता येतं, ते लिहिते आहे. आमच्या भागातून अशी पत्रं फार कमी जातात, आणि ती जायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

यामागचं कारण म्हणजे जुलै २०२३ चा पूर. २२ जुलैला आमच्या तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पाण्यात अडकली, हवाई दलाची मदत मागवावी लागली. ती बातमी राज्यभर गेली. आमच्या गावाची बातमी व्हावी असं काही घडलं नाही. पाणी वावरात शिरलं, कपाशी आणि सोयाबीन खरडून गेलं, वीज गेली आणि त्यामागून टॉवर गेला. त्याच खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता. गावातले बहुतेक अर्ज माझ्याच केंद्रात भरले गेले होते. नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, ॲपवर किंवा टोल फ्री नंबरवर, हे मी प्रत्येकाच्या डोक्यात बसवलं होतं. आता तेच लोक माझ्या दारात उभे होते.

"ताई, फोटो काढून ठेवले जी. पण पाठवाचे कुठून?"

पुलावरून पाणी होतं, त्यामुळे तालुक्याला जायची सोय नव्हती. पोरांनी चारपाच फोन गोळा केले आणि टेकडीवर चढली. तिथं दूरच्या टॉवरची एखादी दांडी कधी येते, कधी जाते. काहींच्या सूचना तशा गेल्या. बाकीच्यांच्या राहिल्या. तीन एकर कपाशी असलेल्या एका विधवा बाईचा अर्ज मी रेंज आल्या आल्या भरायला घेतला. नुकसानीची तारीख टाकली की ॲप पुढे सरकेना, कारण मुदत उलटून गेली होती. त्या बाई काही बोलल्या नाहीत. पासबुक परत पिशवीत घातलं आणि निघून गेल्या.

मग मी कंपनीच्या तक्रार केंद्राला, १९८ ला, फोन लावला. तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि काही दिवसांत 'आपली तक्रार निकाली काढली आहे' असा संदेशही आला. टॉवर तोवर सुरू झाला होता, म्हणून निकाली. इथे बहुतेक लोक थांबतात. पण २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीत वर अपील प्राधिकरण असतं. ३० दिवसांत अपील करायचं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. मी अपील केलं. उत्तर आलं की परिमंडळातली सेवा ठरवून दिलेल्या मानकांच्या मर्यादेत आहे. ट्रायकडे लिहावं म्हटलं तर ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ते काम कायद्याने त्यांच्याकडे नाही.

मला त्या उत्तराचा राग आला. पण ते उत्तर खोटं नव्हतं, आणि खरा प्रश्न तिथेच होता. गाव अंधारात असताना मानक पाळलं कसं जातं?

हे मला समजावून सांगितलं यवतमाळच्या एका काकांनी. दूरसंचार खात्यात जेटीओ, म्हणजे कनिष्ठ दूरसंचार अधिकारी, होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नियमावल्या अजून कपाटात लावून ठेवलेल्या. त्यांनी २००९ ची सेवा-गुणवत्तेची नियमावली काढली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. पहिली ओळ अशी की सगळ्या टॉवरांचा मिळून बंद राहण्याचा वेळ महिन्यात २ टक्क्यांच्या आत हवा. दुसरी अशी की महिन्यात मिळून २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलेले टॉवर एकूण टॉवरांच्या २ टक्क्यांच्या आत हवेत. दोन्ही मोजायचं अख्ख्या परिमंडळावर. आपलं परिमंडळ म्हणजे मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा.

काकांनी मला हिशेब करायला लावला. तीस दिवसांचे ७२० तास, त्याचे २ टक्के म्हणजे साडेचौदा तासांच्या आत. पण ही सरासरी आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव टॉवर व्यवस्थित चालले आणि दोन टॉवर महिनाभर बंद राहिले, तरी दोन्ही अटी पाळल्या जातात. आणि ते दोन टॉवर कुठले असणार, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुण्यात एक टॉवर बंद पडला तर आजूबाजूचे टॉवर भार उचलतात, लोकांना कळतही नाही. आमच्या टॉवरला आजूबाजू नाही.

त्या दिवशी काकांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आणखी एक आकृती काढून दाखवली, ती मी अजून जपून ठेवली आहे. टॉवरपर्यंत फायबर येते. शहाण्या रचनेत ती गोल फिरवून आणतात, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने बोलणं चालू राहतं. याला ते रिंग म्हणतात. पण जिथे दुसरा रस्ता नाही तिथे जाणारी आणि येणारी फायबर एकाच चरात टाकलेली असते. कागदावर रिंग, जमिनीत एकच तार. नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या रुंदीकरणाच्या काळात आणि नंतर गावरस्त्यांच्या, नाल्यांच्या, पाइपलाइनच्या कामांत जेसीबीचा एक घास पडला की दोन्ही बाजू सोबतच जायच्या. खोदण्याआधी तारांच्या मालकांना कळवता यावं म्हणून केंद्राने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. बेधडक खोदकामाने देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं त्या वेळी सरकारनेच सांगितलं होतं. आमच्याकडे खोदणाऱ्या ऑपरेटरला मी त्या ॲपबद्दल विचारलं, तर त्याने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, आणि ठेकेदाराने वरच्या ठेकेदाराकडे.

या विषयाचं मला वेड लागलं ते काकांनी सांगितलेल्या अमेरिकेच्या गोष्टीने. १५ जानेवारी १९९० ला तिथल्या एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं. सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे एक स्विच, म्हणजे फोन जोडून देणारं यंत्र, सावरताना शेजारच्या स्विचला पाडत होता, तो पुढच्याला. त्यानंतर आणखी काही मोठे बिघाड झाले, तेव्हा तिथल्या नियामकाने १९९२ मध्ये जाळ्याच्या विश्वासार्हतेसाठी परिषद नेमली आणि १९९३ मध्ये उद्योगाची एक सुकाणू समिती उभी राहिली. एटिस नावाच्या मानक-संस्थेखाली ती काम करते. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांचे अभियंते तिथे एका टेबलाशी बसतात, बिघाडांच्या नोंदी तपासतात, कारणांची वर्गवारी करतात आणि चांगल्या कार्यपद्धतींची यादी अद्ययावत ठेवतात. दोन वाटा एकाच चरात घालू नका, हे त्यातलं अगदी जुनं सांगणं. नंबरांसाठी त्याच संस्थेखाली वेगळी समिती आहे. नंबर कुणाला, किती, कुठल्या अटीवर द्यायचे, याच्या मार्गदर्शक सूचना ती लिहिते.

यातली एक गोष्ट माझ्या कामाची होती. अमेरिकेत बिघाड मोठा की छोटा हे जिल्ह्यावरून किंवा राज्यावरून ठरत नाही. बिघाड किमान ३० मिनिटांचा हवा, आणि किती ग्राहक गुणिले किती मिनिटं हे गणित ९ लाखांवर गेलं की नियामकाला कळवणं बंधनकारक. ३०,००० माणसं अर्धा तास, असा तो मूळ हिशेब आहे. आमच्या टॉवरवर साधारण १,५०० कनेक्शनं धरा. पुरात टॉवर तीन दिवस बंद होता असं धरा. तीन दिवसांची मिनिटं ४,३२०. गुणाकार होतो ६४ लाख ८० हजार. हा आकडा मी वहीत लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. आमचं गाव लहान आहे, पण आमचा बिघाड लहान नव्हता. मोजण्याची पट्टी बदलली की तो दिसायला लागतो.

ट्रायने ऑगस्ट २०२३ मध्ये नेमका याच विषयाचा कागद काढला होता: मोबाइल, लँडलाइन आणि ब्रॉडबँडच्या गुणवत्तेची मानकं नव्याने ठरवण्याचा. काकांनी फोन करून सांगितलं, "लिही. तुझ्याकडं जे आहे ते दिल्लीत कोणाकडं नाही."

माझ्याकडे काय होतं? एक रजिस्टर. पुरानंतर मी ते सुरू केलं होतं. साधी लांब वही, पाच रकाने पाडलेले: रेंज गेली तो दिवस आणि वेळ, आली ती वेळ, कुठल्या कुठल्या कंपनीची, कारण कळलं असेल तर ते, आणि त्या वेळात कोणाचं काय अडलं. शेवटचा रकाना मी सगळ्यांत काळजीने भरत असे. 'रेशन दुकान, ई-पॉसवर थंब लागला नाही, लोक परत गेले.' 'ई-पीक पाहणी, फोटो चढला नाही.' 'रोजगार हमी, मजुरांची हजेरी ॲपवर लागली नाही, मुकादम मैलभर पुढे जाऊन आला.' 'बाळंतपण, १०८ ला फोन लागेना, दुसऱ्या तांड्यावरून लावला.' वेळ मी भिंतीवरच्या घड्याळावरून लिहीत असे आणि शेजारच्या किराणा दुकानदाराची सही घेत असे, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर साक्षीदार आहे. दुकानदार सुरुवातीला म्हणायचे, "हे लिहून काय होते ताई?" पुढे तेच मला हाक मारून सांगायला लागले, "लिहा जी, गेली आता रेंज."

कागद इंग्रजीत होता, शंभरावर पानांचा असावा असा जाड. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने आणि मी तो फोनवर एकेक प्रश्न घेऊन वाचला. सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत नाहीत. ज्यात आपल्याला सांगण्यासारखं आहे तेवढेच घ्यायचे, प्रश्नाचा क्रमांक लिहायचा आणि त्याखाली आपलं म्हणणं. साधारण चार आठवडे लेखी मतांसाठी असतात आणि पुढचे दोन दुसऱ्यांच्या मतांना उत्तर द्यायला. ईमेलने पाठवता येतं. मी मोजके मुद्दे घातले. सरासरी परिमंडळावर काढू नका, एकेका टॉवरची नोंद उघड करा. बिघाडाचं मोजमाप तालुक्यावर आणा, नाहीतर ग्राहक गुणिले मिनिटं असं करा. दुर्गम भागातल्या टॉवरला बॅटरी आणि डिझेल किती तास पुरायला हवं ते ठरवून द्या. एका कंपनीचा टॉवर पडला तर त्या वेळेपुरती दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून सोय द्या. सोबत रजिस्टरची पानं स्कॅन करून जोडली, मराठीतच, आणि प्रत्येक पानाखाली इंग्रजीत सारांश. आमच्या मराठी नोंदी त्या कागदपत्रांत असाव्यात, हा माझा हट्ट होता.

नंतर कंपन्यांच्या बाजूची मतं वाचली. सगळ्यांनी वाचावीत असं मला वाटतं, कारण त्यांत खोटं फार नसतं. वीज तासन्‌तास नसते, फायबर दुसरेच तोडतात, टॉवरला जागा आणि परवानगी मिळत नाही, दूर गावात डिझेल पोचवणं महाग पडतं. हे सगळं मी रोज बघते. त्यांचं म्हणणं असं की जे आमच्या हातात नाही त्याची शिक्षा आम्हाला नको. माझं म्हणणं असं की कारण कुणाचंही असो, नोंद झाली पाहिजे. नोंदच नसेल तर वीज सुधारणार कशी आणि ठेकेदाराला विचारणार कोण? अमेरिकेतल्या त्या समितीचं बळ दंडात नाही, नोंदींत आहे.

यानंतर खुली चर्चा असते. ती व्हिडिओवरून होणार होती. बोलताना आवाज तुटू नये म्हणून मी यवतमाळला काकांच्या घरी गेले. कंपन्यांचे अधिकारी आधी बोलले, भराभर, कलमांच्या आकड्यांसकट. माझी पाळी आली तेव्हा मी हिंदीत बोलले. पुराचे तीन दिवस सांगितले, ६४ लाखांचा गुणाकार सांगितला आणि एवढंच म्हटलं की आमचा जिल्हा चालू असताना आमचा तालुका बंद असू शकतो, आणि हे तुमच्या कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. अध्यक्षस्थानी बसलेल्यांनी ऐकून घेतलं, एक प्रश्न विचारला की टॉवरवर जनरेटर होता का. होता, पण डिझेल संपलं होतं. त्यांनी लिहून घेतलं. बोलायला मिळाले ते थोडे क्षण, पण त्या क्षणांसाठी केलेली तयारी वाया गेली नाही असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

२ ऑगस्ट २०२४ ला नवे नियम निघाले आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यांत चांगलं बरंच आहे. एखाद्या जिल्ह्यात सेवा चार तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर कंपनीने २४ तासांत ट्रायला कळवायचं. ती २४ तासांपेक्षा जास्त राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला तेवढ्या दिवसांच्या भाड्यात सूट, आणि प्रीपेडवाल्याची मुदत तेवढे दिवस पुढे. दिवसात बारा तासांहून जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरायचा. पूर्वी दंड ५० हजारांपासून होता, तो एक लाखापासून दहा लाखांपर्यंत नेला. तिमाहीऐवजी महिन्याचे आकडे काढण्याकडे वाटचाल ठरली. आणि कुठल्या गावात कुठली सेवा आहे, टूजी, फोरजी की फाइव्हजी, याचे नकाशे कंपन्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर लावायचे. हा नकाशा माझ्या केंद्रात आता रोज उपयोगी पडतो. नवीन सिम घ्यायच्या आधी लोकांना मी तो उघडून दाखवते आणि गावातल्या अनुभवाशी ताडून बघायला सांगते.

राहिलं ते दोन ठिकाणी. भरपाईचं एकक जिल्हाच राहिलं. यवतमाळ जिल्ह्याला सोळा तालुके आहेत. आमचा एक टॉवर पडून संपूर्ण जिल्हा बंद पडला असं कधीच होणार नाही. आणि नैसर्गिक आपत्तीत ही भरपाई लागू नाही. कंपनीचं पुरावर नियंत्रण नसतं, हे मान्य. पण बॅटरी किती तास पुरते, डिझेल पावसाळ्याआधी भरलं होतं का, यावर तर असतं. शेतकऱ्यावर ७२ तासांची अट लागली ती पुराच्याच दिवसांत, आणि नेमक्या त्याच दिवसांना कंपनीला सूट मिळते. या दोन नियमांना एकमेकांची खबर नाही. मी हे विमा आणि दूरसंचार दोन्ही विभागांना लिहिलं आहे. संपर्क तुटल्याची नोंद असेल तर त्या गावासाठी सूचनेची मुदत रेंज आल्यापासून धरावी, एवढीच मागणी आहे.

दुसरी प्रक्रिया नंबरांची. ६ जून २०२४ ला ट्रायने राष्ट्रीय क्रमांकन आराखड्याच्या फेरविचाराचा कागद काढला. हा विषय लोकांना कोरडा वाटतो, मला तो फार माणसांचा वाटतो. देशाचा सध्याचा आराखडा २००३ चा, ७५ कोटी फोन डोळ्यांसमोर ठेवून केलेला. जगभर नंबराची लांबी देशाच्या कोडसकट पंधरा अंकांच्या आत ठेवायची, हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा नियम. आपला कोड ९१, त्यापुढे दहा अंक. लँडलाइनलाही तेच गणित: मुंबईचा कोड दोन अंकी, म्हणून पुढचा नंबर आठ अंकी. यवतमाळचा ०७२३२, शून्य सोडला तर चार अंकी, म्हणून पुढचा नंबर सहा अंकी. देशात असे २,६४७ कोड-विभाग आहेत, बरेचसे साधारण तालुक्याएवढे. सहा अंकांत पहिला अंक २ धरला तरी एका विभागात एक लाख नंबर होतात. आमच्याकडे आता लँडलाइन राहिल्या आहेत त्या सरकारी कार्यालयांत, बँकेत आणि मोजक्या घरांत. नंबर आमच्या नावावर पडून, आणि शहरात टंचाई. अमेरिकेत ही अडचण आली तेव्हा दहा-दहा हजारांच्या गठ्ठ्यांऐवजी हजार-हजारांचे गठ्ठे वाटायला सुरुवात झाली. ट्रायने ६ फेब्रुवारी २०२५ च्या शिफारशींत वेगळा मार्ग सुचवला: लँडलाइनचे नंबर संपूर्ण परिमंडळासाठी दहा अंकी धरायचे, आणि शेजारच्या घरी फोन लावतानाही शून्य आणि कोड लावायचा. कुणाचा नंबर बदलणार नाही, फक्त फिरवायची पद्धत बदलेल. त्याला मी पाठिंबा लिहिला होता.

अशा बातम्या गावात पोचेपर्यंत भलत्याच होतात. मे २०२० मध्ये ट्रायने लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावायची शिफारस केली, तेव्हा 'मोबाइल नंबर अकरा अंकी होणार' अशी आवई उठली होती. ट्रायला खुलासा करावा लागला. १५ जानेवारी २०२१ पासून तो शून्य लागू झाला आणि त्यातून २५० कोटींवर नवे मोबाइल नंबर मोकळे होण्याची सोय झाली. तेव्हा माझ्याकडे लोक विचारायला आले होते की आधारला जोडलेला नंबर पुन्हा जोडावा लागेल का.

तिथेच आमचा खरा प्रश्न आहे. महागाव, पुसद, उमरखेड, दिग्रसच्या तांड्यांवरून कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. रिचार्ज महाग, म्हणून पाच माणसांत एक फोन चालू ठेवतात. बाकीची सिमं डब्यात. २०१३ पासूनचा नियम असा की ९० दिवस काहीच वापर नसेल आणि खात्यात २० रुपयेही नसतील तर कनेक्शन बंद करता येतं. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला जातो. परत आल्यावर बाई माझ्यासमोर बसते, आधार काढते, ओटीपी पाठवते, आणि ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. एका बाईंनी तो नंबर लावून पाहिला. पलीकडचा माणूस भला होता, त्याने ओटीपी वाचून दाखवला. भला नसता तर? नंबर बदलायला पुन्हा आधार केंद्र, पुन्हा बँक, पुन्हा गाडीभाडं.

मी लिहिलं की हंगामी स्थलांतर असलेल्या भागात मुदत वाढवा, आणि बंद करण्याआधी त्याच माणसाच्या नावावरच्या दुसऱ्या चालू नंबरवर कळवा. शिफारशींत आलं ते असं: ९० दिवसांच्या आत बंद करायचं नाही, आणि ३६५ दिवस वापर नसेल तर बंद करायचंच. मधल्या काळाचा निर्णय कंपनीकडे राहिला. शिफारस म्हणजे आदेश नाही, अंमलबजावणी दूरसंचार विभागाने मान्य केल्यावर. दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना कायम बंद झालेल्या नंबरांची यादी तपासून आपल्या नोंदी साफ करायला सांगितलं, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. मी तांड्यावरच्या महिलांना निघायच्या आधीच सांगते: डब्यातल्या सिमवर वीस रुपये ठेवा, आणि नाईकांच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी फोन चार्ज करून महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी लावायला सांगा. पटतं सगळ्यांना. "आधी काहून नाही सांगितलं कोणी?" असं त्या विचारतात.

एकमेकांच्या टॉवरवरून सोय देण्याचं जे मी लिहिलं होतं, त्या दिशेनेही थोडं सरकलं आहे. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओच्या ग्राहकांना एकमेकांचं फोरजी वापरता येईल अशी व्यवस्था सुरू झाली. माझ्या पत्राने ते झालं असं मी म्हणत नाही, ते अनेकांनी मागितलं होतं. आमच्या गावचा टॉवर त्या निधीतला नाही, म्हणून आम्हाला अजून ते नाही.

रजिस्टर चालू आहे. पुसद, उमरखेड आणि आर्णीकडच्या काही केंद्रचालकांनी त्याचे पाच रकाने उचलले आहेत. मी त्यांना एकच सांगते, कारण कळलं नाही तर तो रकाना कोरा सोडा, अंदाज लिहू नका. ग्रामसभेत ठराव झाला आहे की पावसाळ्याआधी टॉवरच्या बॅटरी आणि डिझेलची स्थिती कंपनीने ग्रामपंचायतीला लेखी कळवावी. कंपनीचं उत्तर अजून यायचं आहे. ट्रायचा पुढचा कागद निघेल तेव्हा तालुक्याच्या एककाचा मुद्दा प्रत्येक गावाच्या आकड्यांसह, त्या त्या ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, सरपंचाच्या सहीने पाठवायचा, असं आम्ही ठरवलं आहे.